‘पुट ऑफ’चा अर्थ आणि शिरोलीतला एक लॉट

मेल दोनच वाक्यांचा होता. ‘प्लीज नोट दॅट द प्री-डिस्पॅच इन्स्पेक्शन हॅज बीन पुट ऑफ. विल गेट बॅक टु यू विथ अ न्यू डेट.’ शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात, तो वाचला गेला, कळला असं वाटलं, आणि त्याच दिवशी पंप बॉडीचा अख्खा लॉट रेड ऑक्साइड प्रायमर, म्हणजे रंगाचा पहिला थर, मारायला गेला. मागोमाग पेट्याही ठोकून झाल्या. बायरने इन्स्पेक्शन पुढे ढकललं होतं. फाउंड्रीत ते रद्द झालं असं समजून काम सुरू झालं.

हा मेल वाचणारा तरुण नंतर माझ्या वर्गात आला. मी कोल्हापुरात नोकरी-धंद्यातल्या लोकांना संध्याकाळी इंग्रजी शिकवते. त्याच्या या एका चुकीचा माग काढताना फ्रेजल व्हर्ब, म्हणजे क्रियापद आणि त्याला जोडलेला छोटा शब्द यांची ‘पुट ऑफ’सारखी जोडी, मराठी माणसाला नेमकं कुठे अडवतं ते इतकं स्वच्छ दिसलं की सविस्तर लिहून ठेवावंसं वाटलं. त्याची आणि त्याच्या मालकांची परवानगी घेतली आहे. नावं आणि ओळखीच्या खुणा गाळल्या आहेत.

घडलं ते असं

हातकणंगले तालुक्यातल्या गावचा, मराठी माध्यमातून शिकलेला, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेला हा मुलगा. फाउंड्रीत डिस्पॅच बघतो, आणि परदेशी बायरचे मेलही त्याच्याच टेबलावर येतात. त्याचं इंग्रजी कच्चं आहे असं कुणाला वाटू नये. ड्रॉइंग वाचतो, टेस्ट सर्टिफिकेट वाचतो, इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट एकटा बनवतो. ‘टॉलरन्स’, ‘रिजेक्शन’, ‘कन्साइनमेंट’ असले भारदस्त शब्द त्याला झोपेतही कळतात. अडला तो ‘पुट’ आणि ‘ऑफ’ या दोन चिमुकल्या शब्दांपाशी. हे मी वर्गात वारंवार पाहते. लांबलचक इंग्रजी शब्दाला एकच अर्थ असतो, तो पाठ केला की काम भागतं. छोटे शब्द सगळ्यांच्या ओळखीचे असतात, म्हणून त्यांच्यासाठी कोश उघडायचं कुणाच्या मनातही येत नाही.

फाउंड्रीच्या कामात क्रम फार महत्त्वाचा. साच्यातून निघालेलं कास्टिंग फेटलिंगला जातं, तिथे रनर-रायझरचे, म्हणजे साच्यात धातू पोचवणाऱ्या वाटांमध्ये गोठलेल्या धातूचे, उरलेले तुकडे घासून काढतात. मग शॉट ब्लास्टिंग होतं, बारीक पोलादी गोळ्यांच्या माऱ्याने पृष्ठभाग साफ निघतो. त्या उघड्या, करड्या पृष्ठभागावरच दोष दिसतात : ब्लो होल, म्हणजे वायू अडकून पडलेलं छिद्र, केसासारखी भेग, किंवा कोल्ड शट, म्हणजे धातूचे दोन प्रवाह एकजीव न झाल्याची रेघ. प्रायमर बसला की बारीक छिद्र त्याखाली झाकलं जातं. म्हणून आधी इन्स्पेक्शन, मग प्रायमर, मग पॅकिंग.

मेल वाचून तो सुपरवायझरकडे गेला आणि म्हणाला, “इन्स्पेक्शन बंद केलंय त्येनी. नवी तारीख कळवतो म्हणालेत, जहाजाची असणार.” सुपरवायझरला यात काही वावगं वाटलं नाही. आधीचे लॉट बिनतक्रार पास झाले होते, आणि विश्वास बसलेला बायर कधीकधी इन्स्पेक्शन माफ करतो हे त्या दोघांनाही ठाऊक होतं. चुकीचा अर्थ परिस्थितीत नीट बसला, त्यामुळे शंका घ्यायला जागाच राहिली नाही.

काही दिवसांनी दुसरा मेल आला : आमचा इन्स्पेक्टर परवा पोचतोय. मग पेट्या उघडल्या, कास्टिंगं पुन्हा ब्लास्टिंगला गेली, बसलेला प्रायमर झडवला, इन्स्पेक्शन झालं, लॉट पास झाला, पुन्हा प्रायमर, पुन्हा पेट्या. ओव्हरटाइम गेला आणि कंटेनरचं बुकिंग पुढच्या जहाजावर टाकावं लागलं. मालक त्याला एवढंच म्हणाले, “झालं ते झालं. तेवढं इंग्रजी नीट शिकून घे.”

‘ऑफ म्हंजे बंदच की ओ’

वर्गात मी त्याला आधी अर्थ सांगितला नाही. तो मेल डोळ्यांपुढे ठेवून त्याने अर्थ कसा लावला ते विचारलं. उत्तर तयार होतं : “पुट म्हंजे ठेवणे, ऑफ म्हंजे बंद. बंद ठेवणे. ऑफ म्हंजे बंदच की ओ मॅडम, दुसरं काय असणार?”

हे उत्तर त्याच्यापुरतं पूर्ण तर्कशुद्ध आहे. ‘ऑफ’ हा शब्द त्याला इंग्रजीतून भेटलेलाच नाही, तो मराठीतून भेटलाय. घरात लाइट ऑफ करतात. मित्राचा फोन स्विच ऑफ लागतो. कारखान्याला आठवड्याचा ऑफ असतो. कुणाचा मूड ऑफ असतो. या चारही ठिकाणी ‘ऑफ’चा अर्थ बंद, सुट्टी, गेलेला, विझलेला असाच निघतो. मराठीने इंग्रजीचा एक शब्द उचलला तो त्याच्या अनेक अर्थांपैकी एकच घेऊन. आणि मराठी बोलणारा माणूस तोच एक अर्थ घेऊन परत इंग्रजीकडे जातो. शब्द ओळखीचा वाटतो ही यातली खरी अडचण. अनोळखी शब्दापाशी माणूस थांबतो तरी.

दुसरा धागा शाळेतला. ‘पुट ऑन द फॅन’, ‘पुट ऑफ द लाइट’ ही वाक्यं आपल्याकडे शिक्षकांच्या तोंडी सर्रास असतात, आणि भारतीय इंग्रजीत ती रुळलेली आहेत. इंग्लंड-अमेरिकेत दिवा बंद करायला आज सहसा ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’ म्हणतात. ‘पुट ऑफ द लाइट’ क्वचितच ऐकू येतं. म्हणजे त्याने ‘पुट ऑफ’ आधी ऐकलेलं होतं, वापरलेलंही होतं, आणि आपल्याकडच्या वापराप्रमाणे अर्थही बरोबर लावत होता. फक्त तो मेल युरोपातून आला होता.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. बारावीला त्याने फ्रेजल व्हर्बची यादी पाठ केली होती. वहीच आणून दाखवली. त्यात ‘पुट ऑन : घालणे’, ‘पुट आउट : विझवणे’, ‘पुट ऑफ : पुढे ढकलणे’, ‘पुट अप विथ : सहन करणे’ असं एकाखाली एक होतं. म्हणजे योग्य अर्थ त्याच्याच अक्षरात त्याच्याच घरी पडून होता. एकाच क्रियापदाची सारख्या दिसणारी चार-सहा रूपं एका बैठकीत पाठ केली की परीक्षेपुरती राहतात आणि नंतर एकमेकांत मिसळतात. ‘विझवणे’ आणि ‘पुढे ढकलणे’ शेजारी होते. त्याच्या डोक्यात दोन्हींची गाळण होऊन ‘बंद’ तेवढं उरलं. वाक्याशिवाय, प्रसंगाशिवाय, फक्त क्रियापदाच्या क्रमाने केलेली यादी शिकवणं आपण थांबवायला हवं असं माझं ठाम मत आहे.

त्याला मात्र वाटत होतं की खोट आपल्यातच आहे, मराठी माध्यमाची आहे. ते मनातून काढणं गरजेचं होतं, म्हणून त्याला सांगितलं की सॅम्युएल जॉन्सन यांनी 1755 साली आपला इंग्रजी कोश छापला, त्याच्या प्रस्तावनेतच ते म्हणतात की क्रियापदाला मागून एखादा छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची ही रीत परक्यांना सर्वांत जड जाते. फ्रेजल व्हर्ब हे नाव तर त्याहून बरंच उशिराचं. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी 1925 मध्ये ते आपल्या पुस्तकात वापरलं आणि शब्द सुचवल्याचं श्रेय ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिलं. अडचण जुनी, जगभरची, आणि खुद्द इंग्रजांनी कबूल केलेली आहे. हे ऐकल्यावर तो जरा मोकळेपणाने बसला, आणि मग खरं काम सुरू झालं.

मराठीतूनच वाट काढली

मालकांचं वाक्य मी फळ्यावर लिहिलं : ‘इंग्रजी नीट शिकून घे.’ विचारलं, यात घेण्यासारखं काय आहे? हातात काही येणार आहे का? तो हसला. मग ‘बिल देऊन टाक’, ‘एवढं काम करून टाक’, ‘काय सांगून बसलास’ अशी वाक्यं वर्गातल्या इतरांनीच पुरवली. बायरचा इन्स्पेक्टर मराठी कोश घेऊन बसला तर ‘टाकणे’पुढे त्याला फेकणे दिसेल, आणि बिल देऊन ते फेकायचं का, असा प्रश्न त्याला पडेल. संयुक्त क्रियापदाच्या या व्यवहारात आपण सगळे तरबेज आहोत. भागांची बेरीज करून अर्थ काढत बसत नाही. हे कौशल्य मराठी माणसाकडे आधीच आहे, ते इंग्रजीसाठी जागं करायचं.

तुलना इथे ताणू नये. मराठीत जोडीला येणारं दुसरं पद क्रियापद असतं आणि ते बहुतेक वेळा काम पुरं झाल्याची, किंवा नको ते झाल्याची छटा देतं. इंग्रजीत जोडीला दिशा दाखवणारा छोटा शब्द येतो आणि मुख्य अर्थच फिरवतो. त्याच्याशी जवळचं नातं मराठीतल्या दुसऱ्या एका जातीचं आहे. ‘मागे’ हा शब्द घ्या. केस मागे घेणे, एखाद्याच्या मागे लागणे, अभ्यासात मागे पडणे, स्पर्धेत कुणाला मागे टाकणे. चार क्रियापदं, चार पूर्ण वेगळे अर्थ, आणि तरीही ‘मागे’ची दिशा चौघांतही कुठेतरी शाबूत. त्याने स्वतःहून भर घातली : “पेमेंटसाठी मागं लागावं लागतंय, ते ‘फॉलो अप’ न्हवं का?” अगदी तेच.

तिथून ‘ऑफ’कडे गेलो. ‘ऑफ’ आणि ‘चा-ची-चे’ या अर्थाने येणारा ‘ऑव्ह’ हे मुळात एकाच जुन्या शब्दाचे दोन उच्चार. जोर देऊन म्हटला तो ‘ऑफ’ झाला. मूळ भाव ‘पासून दूर, सुटून’ असा. विमान ‘टेक ऑफ’ करतं तेव्हा जमिनीपासून सुटतं. प्रवासाला ‘सेट ऑफ’ होतो तेव्हा घरापासून निघतो. पुराचं पाणी गावाला ‘कट ऑफ’ करतं, म्हणजे संपर्कापासून तोडतं. 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं तेव्हा कोल्हापूरने हा शब्द जगून पाहिलाय. दिवा ‘ऑफ’ होतो कारण विजेपासून त्याचा संबंध तुटतो. म्हणजे ‘बंद’ हा मूळ अर्थ नाही, त्या ‘दूर’पणाचा एक परिणाम आहे.

आता ‘पुट ऑफ’ : आत्तापासून दूर नेऊन ठेवणे. आपण काय म्हणतो? लांबणीवर टाकणे. लांब, आणि टाकणे. दोन्ही भाषांनी स्वतंत्रपणे जवळपास एकच बांधणी केली आहे. हे फळ्यावर एकाखाली एक लिहिल्यावर त्याने वहीतलं ‘पुढे ढकलणे’ खोडलं नाही, त्याच्याखाली ‘लांबणीवर टाकणे’ लिहिलं. त्यानंतर या शब्दाचा अर्थ त्याला कधी विचारावा लागला नाही.

त्याचा पुढचा प्रश्न रोखठोक होता : “मग सरळ ‘पोस्टपोन’ का न्हाई लिहिलं त्येनी?” ‘पोस्टपोन’ लॅटिनमधून आलेला. ‘पोस्ट’ म्हणजे नंतर, ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे. अर्थ तोच, पण पोशाखी. आपणही सरकारी पत्रात ‘बैठक स्थगित करण्यात येत आहे’ लिहितो आणि फोनवर ‘मिटिंग पुढं ढकलली’ म्हणतो. बायरच्या ऑफिसातल्या माणसाने बोलीतला शब्द वापरला, कारण त्याच्या लेखी तोच सोपा. आपल्या दृष्टीने सोपं आणि अवघड नेमकं उलटं पडतं : आपल्याला ‘पोस्टपोन’ सोपा, कारण तो एकच शब्द आहे आणि त्याला एकच अर्थ आहे.

रद्द असतं तर काय लिहिलं असतं

अर्थ कळणं एक, आणि मेल वाचताना तो वेळेवर सुचणं दुसरं. त्यासाठी आम्ही त्याच्या टेबलावरचेच जुने मेल घेतले, कंपन्यांची नावं खोडून. मला या प्रकरणातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

इन्स्पेक्शन खरंच रद्द झालं असतं तर बायरने ‘कॉल्ड ऑफ’, ‘कॅन्सल्ड’, किंवा या धंद्यात जास्त करून ‘वेव्ह्ड’, म्हणजे माफ केलं, असं लिहिलं असतं. ‘कॉल ऑफ’मध्येही तोच ‘दूर’ आहे : कुत्रा अंगावर गेला की मालक हाक मारून त्याला परत बोलावतो, त्याला ‘कॉल ऑफ’ म्हणतात. मोहीम थांबली. पण महत्त्वाचं म्हणजे रद्द केल्यावर पुढे काय करायचं तेही लिहिलेलं असतं. जुन्या मेलांत एका ठिकाणी इन्स्पेक्शन माफ केल्याचं सापडलं, आणि त्याच्या लगेच पुढे होतं : ‘प्लीज गो अहेड विथ पॅकिंग.’ ‘गो अहेड’ हा हिरवा कंदील. नडलेल्या मेलमध्ये तो कुठेच नव्हता. उलट होतं ‘अ न्यू डेट’. रद्द झालेल्या गोष्टीला नवी तारीख कशाला? तारीख कशाची, हे त्या वाक्यात लिहिलेलं नव्हतं; मागच्या वाक्यात एकाच गोष्टीचा उल्लेख होता, इन्स्पेक्शनचा. म्हणजे तारीखही तिचीच.

तो मेलकडे बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, “मी ऑफपाशीच थांबलो. फुडचं वाचलं, पण ते माझ्या अर्थात बसवून वाचलं.”

यापेक्षा नेमकं निदान मलाही करता आलं नसतं. फ्रेजल व्हर्ब एकटं येत नाही, त्याची सोबत ठरलेली असते. ‘पुट ऑफ’सोबत ‘अन्टिल’ आणि तारीख येते, किंवा ‘न्यू डेट’, ‘नेक्स्ट वीक’ अशी काळाची भाषा येते. ‘कॉल ऑफ’सोबत ‘ड्यू टु’, ‘बिकॉज ऑफ’ अशी कारणं येतात, पुढची तारीख येत नाही. ‘होल्ड ऑफ’ म्हणजे आत्ता सुरू करू नका, सांगेपर्यंत थांबा. त्याच्यासोबत ‘अन्टिल यू हिअर फ्रॉम अस’ असं काहीतरी असतं. ‘होल्ड अप’ म्हणजे अडकवून ठेवणं, आणि ते बहुतेक वेळा बाहेरच्या कारणाने होतं : ‘द ट्रक्स वेअर हेल्ड अप बाय द फ्लड.’ पुराने ट्रक अडकवले. पुराने ते ‘पुट ऑफ’ केले नाहीत, कारण पुढे ढकलायला ठरवणारा माणूस लागतो.

वहीची मांडणी मग आम्ही बदलली. क्रियापदाच्या क्रमाने लिहायचं बंद केलं आणि कामाच्या क्रमाने लिहायला घेतलं : माल तयार होतानाचे शब्द, तारीख हलतानाचे शब्द, पैसे अडकल्यावरचे शब्द. प्रत्येक शब्दापुढे त्याच्या मेलमधलं आख्खं वाक्य. तारखेच्या पानावर ‘पुट ऑफ’, ‘कॉल ऑफ’, ‘होल्ड ऑफ’ एकत्र आले, पण आता प्रत्येकासोबत काय करायचं ते होतं : थांबून तारखेची वाट बघा, काम बंद, सांगेपर्यंत हात लावू नका. फाउंड्रीत शब्दाचा अर्थ शेवटी हाच असतो, हातातल्या कास्टिंगचं काय करायचं तो.

वाक्यात बसवताना

वाचता आलं तरी लिहिताना तो अडत होता. पहिल्या प्रयत्नातलं वाक्य : ‘वी पुट ऑफ टु सेंड द सॅम्पल.’ ‘पुट ऑफ’नंतर क्रिया आली तर ती ‘सेंडिंग’ अशी येते : ‘वी पुट ऑफ सेंडिंग द सॅम्पल.’ इथे मराठी मदतीला येते, कारण आपणही ‘पाठवणं लांबणीवर टाकलं’ म्हणतो. ‘पाठवणं’ हे नाम झालं, ‘सेंडिंग’ही नामच आहे.

दुसरी अडचण ‘पुट ऑफ इट’ची. इथे मराठीचा आधार मिळत नाही. नाम असेल तर दोन्ही चालतं, ‘पुट ऑफ द इन्स्पेक्शन’ आणि ‘पुट द इन्स्पेक्शन ऑफ’. सर्वनाम असेल तर ते मधेच बसतं : ‘पुट इट ऑफ.’ कारण समजून घेण्यासारखं आहे. इंग्रजी वाक्यात नवी, वजनदार माहिती शेवटाकडे ठेवण्याचा कल असतो. ‘इट’ म्हणजे आधी बोलून झालेली गोष्ट, हलकी; तिला शेवटचं स्थान मिळत नाही, ते जोरकस ‘ऑफ’ला मिळतं. याच कारणाने उलटही होतं. ‘दुसऱ्या लॉटमधल्या सगळ्या पंप बॉड्यांचं इन्स्पेक्शन’ एवढं लांब कर्म असेल तर ते मधे कोंबत नाहीत, ‘पुट ऑफ’ला एकत्र ठेवून मागे जोडतात. हा नियम मी समजावला, पण बसला तो तोंडाने म्हणून. बोलताना ‘ऑफ’वर जोर द्यायचा, ‘पुट इट ऑफ’. दोन-चार दिवसांत ‘पुट ऑफ इट’ त्याच्याच कानाला खुपायला लागलं.

भूतकाळाचं एक लक्षात ठेवावं लागतं : ‘पुट’चं रूप बदलत नाही. ‘दे पुट ऑफ द इन्स्पेक्शन’ यात ते नेहमी ढकलतात की काल ढकललं हे वाक्य सांगत नाही, आजूबाजूचा मजकूर सांगतो. ‘हॅज बीन’ असेल तर निर्णय होऊन गेला.

‘पुट ऑफ’चे बाकीचे अर्थही त्याच ‘दूर’मधून निघतात. काम दूर सारलं की चालढकल. माणूस दूर सारला की टोलवाटोलवी : ‘ही कीप्स पुटिंग अस ऑफ विथ प्रॉमिसेस’, आश्वासनं देऊन आपली बोळवण करतोय. थकलेल्या बिलांमागे फिरणाऱ्या माणसाला हे वाक्य फार उपयोगी आहे आणि त्याने ते ताबडतोब उतरवून घेतलं. आणि मनच दूर झालं की ‘द स्मेल पुट मी ऑफ’, वासाने जेवणावरची वासना उडाली. ‘डोन्ट लेट द प्राइस पुट यू ऑफ’ म्हणजे किंमत बघून मागे हटू नका. यातल्या कुठल्याही वाक्यात ‘बंद’ घालून बघितलं तर अर्थ लागत नाही, ‘दूर’ घातलं तर लागतो. हा प्रयोग त्याने स्वतः वहीत करून बघितला.

उलट मेल

भाषेच्या पलीकडची एक गोष्ट मी त्याला सवय म्हणून लावून घ्यायला सांगितली. ज्या मेलवरून माल हलणार आहे, त्यात तारखेचा किंवा परवानगीचा शब्द फ्रेजल व्हर्बने आला असेल, तर उत्तरात तोच अर्थ साध्या, एकअर्थी शब्दात परत लिहायचा आणि त्यावर आपण काय करणार तेही. ‘वी अंडरस्टँड दॅट द इन्स्पेक्शन इज पोस्टपोन्ड, नॉट कॅन्सल्ड. वी विल कीप द कास्टिंग्ज अनपेंटेड अन्टिल युअर इन्स्पेक्टर कम्स.’ दोन ओळींचं काम. समोरच्याला यात इंग्रजी कच्चं असल्याचं काही दिसत नाही, काळजीपूर्वक काम करणारी पार्टी दिसते. या एका उत्तराने त्या लॉटचा दुहेरी खर्च वाचला असता.

मालकांनाही हे पटलं. आता तारीख बदलल्याचा मेल आला की त्याचं उत्तर गेल्याशिवाय प्रायमरचा डबा उघडायचा नाही, असं त्यांनी सुपरवायझरला सांगितलंय.

वर्ग चालू असतानाच एक नवा मेल आला. ‘द इन्स्पेक्शन हॅज बीन ब्रॉट फॉरवर्ड टु थर्सडे.’ हा मराठी माणसासाठी ‘पुट ऑफ’पेक्षाही अवघड सापळा आहे. ‘फॉरवर्ड’ म्हणजे पुढे, आणि मराठीत तारीख पुढे गेली म्हणजे लांबली. आपण ‘पुढचा आठवडा’ म्हणतो तो येणारा. इंग्रजीत ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हणजे आपल्या दिशेने अलीकडे आणणे. आपण ज्याला ‘प्रीपोन’ म्हणतो ते. ‘प्रीपोन’ भारतात सगळ्यांना कळतं, पण परदेशी बायरला कळेलच असं नाही.

हा शब्द मी त्याला शिकवला नव्हता. तो मेल घेऊन आला आणि म्हणाला, “फॉरवर्ड म्हंजे पुढं ढकललं असं वाटतंय मला. पण आधीची तारीख सोमवारची हाय, आणि हा गुरुवार त्याच्या अलीकडचा. मग पुढं कसं ओ?” त्याने तारखेवरून शब्द तपासला होता, मागच्या वेळी शब्दावरून तारीख बसवली होती. अर्थ मी सांगायच्या आधीच त्याने उत्तराचा मसुदा लिहून ठेवला होता : इन्स्पेक्शन सोमवारऐवजी त्याआधीच्या गुरुवारी आहे असं आम्ही समजतो, कृपया दुजोरा द्या, तोवर कास्टिंगं विनारंग ठेवली आहेत. मी त्यात एक स्पेलिंग दुरुस्त केलं. दुजोरा त्याच संध्याकाळी आला, आणि बुधवारपर्यंत लॉट तयार व्हावा म्हणून त्याने शॉट ब्लास्टिंगची पाळी दुसऱ्या जॉबवरून काढून या पंप बॉड्यांना लावली.